रात्र कोणती आणि टेप कोणती?

वाचकांचे प्रश्न : पाश्चात्त्य संगीत

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिले होते की, डीप पर्पल या ब्रिटिश बँडचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ ऐकायचे तर मूळ तबकडीवरचे नव्हे, १९७२ साली जपानमध्ये रंगमंचावर वाजवलेले, ‘मेड इन जपान’ या तबकडीवरचे, ऐकावे. हे वाक्य ओघात लिहिले गेले होते आणि त्यावर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. काही पत्रांत संमती आहे, बऱ्याच पत्रांत राग आहे, आणि एका पत्रात मी कान तपासून घ्यावेत अशी सूचना आहे. म्हणून या वेळचे सदर सगळेच्या सगळे क्लासिक रॉकमधील गाण्यांच्या लाइव्ह आवृत्त्यांना दिले आहे.

प्रश्न : आमच्या घरी या विषयावर गेली तीस वर्षे वाद चालू आहे. थोरल्या भावाच्या मते ‘मशीन हेड’ या तबकडीवरचे मूळ गाणेच खरे. त्यात एक सूर वाया गेलेला नाही आणि ‘मेड इन जपान’ ही त्याचीच लांबवलेली, गोंगाटाची आवृत्ती आहे. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. आपण निवाडा करावा. — एक वाचक, नाशिक

उत्तर : थोरल्या भावाविरुद्ध निवाडा देण्याचे पाप मी सहसा करत नाही, आणि या वेळी तर मलाच थोडी माघार घ्यावी लागणार आहे. आपले पत्र आल्यावर दोन संध्याकाळी दोन्ही ध्वनिमुद्रणे एकामागून एक ऐकली.

मूळ गाण्याला ‘स्टुडिओतले’ म्हणणे हेच आधी अर्धसत्य आहे. डिसेंबर १९७१ मध्ये ही मंडळी स्वित्झर्लंडमधील मॉन्त्रो गावी गेली ती तेथील कॅसिनोत तबकडी मुद्रित करण्यासाठी, आणि त्यासाठी रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे ध्वनिमुद्रणाची यंत्रे बसवलेला ट्रक, मागवलेला होता. ४ डिसेंबरला फ्रँक झॅपा यांच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतून कोणीतरी फ्लेअर उडवली, कॅसिनो जळून गेला आणि जिनिव्हा सरोवरावर धूर पसरला. गाण्याचे शब्द या प्रसंगाचेच आहेत. त्यानंतर बँडने ‘पॅव्हिलियन’ नावाच्या नाट्यगृहात बस्तान हलवले, आणि तेथे रात्री याच गाण्याचा वाद्यांचा भाग मुद्रित होत असताना आवाजाच्या तक्रारीवरून पोलीस दारात आले. बाहेर पोलीस आणि आत टेक, अशा अवस्थेत जे वाजले तेच पुढे जगभर गेले. उरलेली तबकडी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळांमध्ये पुरी झाली. तेव्हा आपले बंधू ज्याला नेटकी, शांत चित्ताने घडवलेली आवृत्ती समजतात, तीही एका धांदलीच्या रात्रीचीच आहे.

पण त्या रात्रीचे वाजवणे विलक्षण नेमके आहे, हे त्यांचे म्हणणे मान्य करावे लागते. गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांचा तो प्रसिद्ध रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, दोन तारा एकदम, षड्ज-मध्यमाच्या अंतराने, बोटांनी छेडलेला आहे. आधी गिटार एकटी येते, मग झांजा आणि ऑर्गन, मग पूर्ण ड्रम्स, आणि सर्वांत शेवटी बेस येऊन खाली बसतो. पाहुण्यांनी एकेक करून पंगतीत बसावे तशी ही मांडणी आहे. जपानमध्ये ही उत्कंठा राहत नाही, कारण श्रोत्यांना पुढे काय येणार ते ठाऊक असते आणि ते टाळ्यांनी आधीच तेथे पोहोचलेले असतात.

‘मेड इन जपान’ १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ रोजी ओसाकात आणि १७ ऑगस्टला टोकियोच्या बुडोकानमध्ये मुद्रित झाले. ध्वनिमुद्रण मार्टिन बर्च यांनी आठ ट्रॅकच्या यंत्रावर केले आणि नंतर त्यावर नवे काही चढवले गेले नाही. तबकडीचा मोठा भाग ओसाकातील दुसऱ्या रात्रीचा आहे, ‘द म्यूल’ आणि ‘लेझी’ टोकियोची आहेत, आणि पहिल्या रात्रीचे केवळ एकच गाणे घेतले गेले : नेमके ‘स्मोक ऑन द वॉटर’. शेवटच्या भागात ऑर्गनवरचे जॉन लॉर्ड आणि ब्लॅकमोर एकमेकांना डिवचतात ते मजेदार आहे, पण तोवर गाणे संपून गेलेले असते. म्हणून हे एक गाणे मी आपल्या बंधूंच्या पदरात घालतो आणि गेल्या अंकातील विधान तेवढ्यापुरते मागे घेतो.

आता आपल्या बाजूचे. ‘हायवे स्टार’ ऐकावे. जपानला जाताना ‘मशीन हेड’ ही मूळ तबकडी जेमतेम पाच महिन्यांची होती, पण गाणे दौऱ्यांत घासून इतके धारदार झाले होते की स्टुडिओतील आवृत्ती त्यापुढे तालीम वाटते. आणि ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ तर अवश्य ऐकावे, कारण मूळ चार मिनिटांच्या आतले हे गाणे येथे दहा मिनिटांच्या आसपास जाते आणि मधला सगळा वेळ गिटार व गळा यांच्या सवाल-जवाबाला दिलेला आहे. ब्लॅकमोर एक ओळ टाकतात, इयन गिलन ती गळ्यातून जशीच्या तशी परत करतात; गिटार वर चढते, गळाही चढतो; आणि शेवटी गिटारला सहज जमेल पण माणसाला जमू नये अशा जागी गिलन किंचाळून पोहोचतात. फडावरच्या सवाल-जवाबात जी ईर्षा असते तीच ही ईर्षा आहे, आणि स्टुडिओत एकमेकांकडे पाठ करून हेडफोन लावून बसलेल्या माणसांकडून ती निर्माण होत नाही.

माझा स्वतःचा पक्षपातही सांगून टाकतो. शाळेत असताना मी ही तबकडी एका दुकानातून साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतली होती. मूळ ध्वनिमुद्रण शहात्तर मिनिटांचे. दुकानदाराने विचारपूस न करता ‘द म्यूल’ गाळले आणि वीस मिनिटांचे ‘स्पेस ट्रकिन’ दहाव्या मिनिटाला, टेप संपली तेथे, तोडले. कित्येक वर्षे मी ते गाणे तसेच संपते असे समजत होतो आणि त्या अचानक शेवटाचे मित्रांपाशी कौतुकही करत होतो. तेव्हा लाइव्ह आवृत्त्यांच्या वादात आपण खरोखर कशाबद्दल बोलत असतो, याविषयी मला तेव्हापासून शंका आहे. पुढील बहुतेक पत्रांत ती शंका पुन्हा येणार आहे.

प्रश्न : आमच्या गावात सतार आणि तंबोरे बनतात, त्यामुळे माझे कान त्या बाजूचे. एकाच गायकाचा यमन दहा मैफलींत दहा प्रकारे येतो आणि त्यात ‘मूळ’ कोणता असे कोणी विचारत नाही. रॉकच्या चाहत्यांचा हा वादही तसाच नव्हे काय? — एक वाचक, मिरज

उत्तर : ही तुलना आकर्षक आहे आणि बहुतांशी चुकीची आहे. यमनाची मूळ प्रत कोठे ठेवलेली नाही. रॉकमध्ये ती असते. तेथे आधी तबकडी निघते, ती लाखो घरांत पाठ होते आणि मग बँड गावोगावी जाऊन ती सर्वांना पाठ असलेली वस्तू पुन्हा उभी करतो. श्रोता प्रत्येक जागी मनातल्या मनात ताडून पाहत असतो. आपल्याकडे याला जवळचे उदाहरण शोधायचे तर रागाच्या मैफलीत नव्हे, नाट्यपदांत शोधावे.

तरीही आपल्या कानांना घरच्यासारखे वाटतील असे दोन अमेरिकन बँड आहेत. एक ग्रेटफुल डेड, त्यांच्याविषयी पुढील पत्रात. दुसरा ऑलमन ब्रदर्स. त्यांचे ‘व्हिपिंग पोस्ट’ १९६९ च्या पहिल्या तबकडीवर पाच मिनिटांचे आहे. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट नाट्यगृहात मुद्रित झालेले तेच गाणे तेवीस मिनिटांचे आहे. सुरुवातीचा बेसचा आवर्तनी तुकडा अकरा मात्रांचा आहे, तीन-तीन-तीन-दोन असा. रुद्र ताल परिचयाचा असलेल्या आपल्यासारख्याला टाळी धरायला अडचण पडू नये. गाण्याचे शब्द सुरू झाले की लय बदलते, आणि मग मधल्या विस्तारात ड्युएन ऑलमन आणि डिकी बेट्स या दोन गिटारवादकांना घाई अशी कसलीच नसते. एका जागी सारे वादन जवळजवळ थांबते, दोन ड्रमवादक नुसते श्वास घेतल्यासारखे वाजवतात, आणि सभागृहात कोणी खोकले तर ऐकू यावे इतकी शांतता होते. रॉकच्या सभागृहात अशी शांतता दुर्मीळ आहे. ड्युएन ऑलमन त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला मोटारसायकलच्या अपघातात गेले, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. हे ठाऊक असल्यामुळे ते वादन आपल्याला अधिक गहिरे वाटते की मुळातच तसे आहे, हे मला आजही वेगळे काढता येत नाही.

प्रश्न : माझ्या कार्यालयातील दोन ज्येष्ठ सहकारी ग्रेटफुल डेडचे भक्त आहेत आणि तारखांनी बोलतात. ‘पाच-आठ-सत्त्याहत्तर’ असे म्हटले की दोघेही क्षणभर गप्प होतात. ही तारीख खरोखर सर्वश्रेष्ठ आहे का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : अमेरिकन पद्धतीने म्हटलेली ही तारीख म्हणजे ८ मे १९७७, स्थळ न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. मे महिना असूनही त्या दिवशी तेथे बर्फ पडला होता. ‘स्कार्लेट बिगोनियाज’मधून ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये बँड ज्या रीतीने शिरतो, तो सांधा शोधण्यासाठी मी अनेकदा मागे जाऊन ऐकले आणि प्रत्येक वेळी तो निसटला. ‘मॉर्निंग ड्यू’ या गाण्याच्या अखेरीस जेरी गार्सिया यांची गिटार एकाच जागी थरथरत वर चढत जाते, ते मला त्या रात्रीचे शिखर वाटते.

पण आपल्या सहकाऱ्यांना एक प्रश्न विचारून पाहावा : त्यांनी ९ मेची, म्हणजे दुसऱ्याच दिवशीची बफेलोची मैफल ऐकली आहे काय? तीच अधिक चांगली, असे म्हणणारा चाहत्यांचा एक चिवट पंथ आहे, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. या बँडने तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम केले. त्यांतून एकच रात्र वर का आली?

याचे उत्तर माझ्या मते वाजवण्यात अर्धे आहे आणि टेपमध्ये अर्धे. कॉर्नेलचे ध्वनिमुद्रण बेटी कँटर-जॅक्सन या बँडच्या ध्वनिमुद्रकाने थेट रंगमंचाच्या मिक्सरवरून केले होते आणि ते अत्यंत स्वच्छ आहे. १९८० च्या दशकात त्यांच्या टेपांचा साठा ज्या गोदामात होता त्याचे भाडे थकले, सामानाचा लिलाव झाला आणि टेपा चाहत्यांच्या हाती लागल्या. टेपांची देवाणघेवाण करणाऱ्यांच्या जगात हा खजिनाच होता. कॅसेटवरून कॅसेट भरली की प्रत्येक पायरीला खरखर वाढते, हे आपल्यापैकी ज्यांनी कॅसेटी भरून घेतल्या त्यांना सांगायला नको. गर्दीत माइक उंच धरून केलेल्या, पाचव्या हातातून आलेल्या टेपेच्या तुलनेत ही टेप म्हणजे कोणीतरी खिडकीची काच पुसावी तशी होती. मग ती सर्वांनी ऐकली, सर्वांनी ऐकली म्हणून ती मापदंड झाली. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत २०११ साठी तिची निवड झाली, आणि बँडकडून अधिकृत प्रकाशन व्हायला मात्र २०१७ उजाडले. शंभर वेगळ्या रात्रींच्या टेपा इतक्याच स्वच्छ आणि इतक्याच लवकर हाती आल्या असत्या, तर आपले सहकारी कोणत्या तारखेला गप्प झाले असते हे सांगणे कठीण आहे.

हा बँड स्वतः या टेपवाल्यांच्या विरोधात नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. १९८४ पासून त्यांच्या कार्यक्रमांत ध्वनिमुद्रण करणाऱ्या प्रेक्षकांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली जाई. त्या काळात इतर बहुतेक ठिकाणी अशा माणसाचे यंत्र दारातच काढून घेतले जात असे.

आपल्याला सुरुवात करायची असेल तर मात्र मी कॉर्नेलपासून सुचवणार नाही. ‘डार्क स्टार’ घ्यावे. १९६८ ची तबकडी तीन मिनिटांच्याही आत संपते. ‘लाइव्ह/डेड’ या १९६९ च्या संचातील तेच गाणे तेवीस मिनिटे चालते. दोन्ही एका बैठकीत ऐकली की हे लोक तारखांनी का बोलतात ते कळते.

प्रश्न : लाइव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या तबकड्या खरोखर लाइव्ह असतात का? — एक वाचक, पुणे

उत्तर : पुष्कळदा नसतात. रोलिंग स्टोन्सच्या १९६९ च्या न्यूयॉर्कमधील कार्यक्रमांच्या प्रसिद्ध तबकडीत मिक जॅगर यांच्या गायनाचा काही भाग नंतर स्टुडिओत भरलेला आहे. किस या बँडच्या १९७५ च्या ‘अलाइव्ह!’मध्ये बरीच डागडुजी झाली, हे निर्माते एडी क्रेमर यांनी पुढे मान्य केले. सर्वांत करमणुकीचा वाद थिन लिझीच्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’ या १९७८ च्या संचाचा आहे : निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी म्हणाले की त्यातील पंचाहत्तर टक्के स्टुडिओत केलेले आहे, आणि बँडच्या बाजूने उत्तर आले की पंचाहत्तर टक्के रंगमंचावरचे आहे. मला ती तबकडी फार आवडते आणि या भांडणाचा तिच्या गोडीवर काही परिणाम झालेला नाही. पण ‘त्या रात्री काय वाजवले!’ असे म्हणताना जीभ थोडी अडखळते खरी.

कापाकापी हा वेगळा प्रकार आहे. वर उल्लेख केलेल्या ऑलमन ब्रदर्सच्या तबकडीतही निर्माते टॉम डाउड यांनी कात्री चालवली. ‘स्टॉर्मी मंडे’मधील हार्मोनिकाचा सोलो त्यांनी काढून टाकला होता आणि तो पुढील आवृत्त्यांत परत आला. चित्रपटाच्या संकलकाला आपण लबाड म्हणत नाही, तर डाउड यांनाही म्हणू नये.

प्रश्न : स्टुडिओत फसलेले गाणे रंगमंचावर यशस्वी झाल्याचे उदाहरण आहे काय? — एक वाचक, जळगाव

उत्तर : चीप ट्रिक या अमेरिकन बँडचे ‘आय वाँट यू टू वाँट मी’. १९७७ ची मूळ आवृत्ती संथ, थोडी नाटकी आणि अमेरिकेत पूर्ण दुर्लक्षित. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी ते बुडोकानमध्ये दामटून वाजवले, जपानी मुलींच्या किंकाळ्यांसह ते मुद्रित झाले आणि १९७९ साली अमेरिकेच्या यादीत सातव्या स्थानी गेले. पीटर फ्रॅम्प्टन यांच्या ‘शो मी द वे’ची कथा जवळपास हीच. या दोन गाण्यांबाबत कोणी वाद घालताना मी ऐकलेले नाही, म्हणून येथे थांबतो.

प्रश्न : ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची टाळ्या आणि ढोलासारख्या आवाजाने सुरू होणारी आवृत्तीच मी आयुष्यभर ऐकली आणि मूळ गाणे वयाच्या चाळिशीत प्रथम ऐकले. मूळ गाणे मला नक्कल वाटले. माझे काही चुकते का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण एकटे नाही, आपल्याकडच्या एका पूर्ण पिढीचे असे झाले आहे, आणि त्याला कारण म्युझिक सिस्टिम विकणारी दुकाने. ईगल्स हा बँड १९८० मध्ये फुटला होता. १९९४ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा एकत्र आले आणि कॅलिफोर्नियातील बरबँक येथे दूरचित्रवाणीसाठी, एका स्टुडिओत निमंत्रितांपुढे वाजवले. ‘हेल फ्रीझेस ओव्हर’ या संचात ते ध्वनिमुद्रण आहे. आपण म्हणता तो ढोलासारखा आवाज म्हणजे सुरुवातीच्या स्पॅनिश धर्तीच्या गिटारखाली येणारे खोल ठोके. स्पीकरचा खर्ज किती खाली जातो हे गिऱ्हाइकाला दाखवायला त्याहून सोयीचे काही नव्हते, म्हणून सीडीच्या जमान्यात दुकानात पाय ठेवला की हेच लागलेले असे.

माझे मत विचाराल तर १९९४ ची आवृत्ती सुंदर आहे आणि थंड आहे. डिसेंबर १९७६ च्या मूळ तबकडीत डॉन फेल्डर आणि जो वॉल्श शेवटच्या दोन मिनिटांत विजेच्या गिटारवर जे भांडतात, ते १९९४ मध्ये लाकडी गिटारवर जवळपास सूर न सूर तसेच येते. पण भांडण मिटून अठरा वर्षे झालेल्या माणसांनी तो किस्सा रंगवून सांगावा तसे येते. शब्दांतील हॉटेल हे बाहेर पडता न येणारे ठिकाण आहे. मूळ आवृत्तीत ते गुदमरणे ऐकू येते. नव्या आवृत्तीत खोली हवेशीर वाटते. आपले काही चुकत नाही, कारण पहिल्यांदा कानी पडलेले तेच मूळ, हा नियम आपल्या कानांनी पाळला आहे. पण मूळ गाणे आणखी चार वेळा, दुकानात नव्हे तर रात्री एकट्याने ऐकावे.

प्रश्न : फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीत शिकले, त्यामुळे क्वीनविषयी आम्हाला घरचा अभिमान आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची सर्वोत्तम लाइव्ह आवृत्ती कोणती? — एक वाचक, वाई

उत्तर : सेंट पीटर्स शाळेत असताना त्यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँडही काढला होता, तेव्हा अभिमान रास्त आहे. पण प्रश्नाला उत्तर नाही, कारण ते गाणे पूर्णपणे लाइव्ह कधी झालेच नाही. मधला ऑपेराच्या धर्तीचा भाग थरावर थर चढवून तयार केलेला आहे आणि चार माणसांना तो गाणे अशक्य होते. म्हणून रंगमंचावर तेवढा वेळ टेप लागे आणि मंडळी आत निघून जात. १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एडमध्ये, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर, त्यांनी सुरुवातीचा भाग गायला आणि ऑपेरा येण्याआधीच थेट ‘रेडिओ गा गा’कडे वळले. हे शहाणपणाचे होते.

त्याऐवजी ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ ऐकावे. १९७५ च्या तबकडीवर ते पियानो आणि हार्पचे नाजूक गाणे आहे. रंगमंचावर ब्रायन मे बारा तारांची गिटार घेऊन बसतात, फ्रेडी पहिली ओळ उचलतात आणि मग गप्प राहतात. जानेवारी १९८५ मधील रिओची आवृत्ती घ्यावी. इंग्रजी मातृभाषा नसलेला तो अफाट जनसमुदाय पूर्ण कडवी गातो आणि गायक फक्त हाताने लय दाखवतो. ज्या गाण्यात गायक निम्मा वेळ गात नाही, ते त्याचे सर्वोत्तम लाइव्ह गाणे म्हणावे का, यावर आपण वाईत वाद घालावा.

प्रश्न : पिंक फ्लॉइडच्या पॉम्पेईतील वादनाला प्रेक्षकच नव्हते. मग ते लाइव्ह कसे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : ऑक्टोबर १९७१ मध्ये त्या प्राचीन रिंगणात चित्रपटाची मंडळी होती, तिकीट काढलेला श्रोता नव्हता, काही भाग तर नंतर पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित झाला. पण आधीच्या ध्वनिमुद्रणावर नुसते हात हलवायचे नाहीत, तेथे प्रत्यक्ष वाजवायचे, असा बँडचा आग्रह होता आणि तो पाळला गेला. ‘एकोज’ वाजताना चौघे एकमेकांकडे पाहून वाजवतात, ते पाहावे. माझ्या हिशेबी ते लाइव्ह आहे.

प्रश्न : लेड झेपलिनचे दोघे मुंबईत वाजवून गेले असे वडील सांगत. ती आवृत्ती कोठे मिळेल? — एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : वडिलांचे बरोबर आहे. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ साली मुंबईत होते आणि कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोत त्यांनी वाजवले. त्या रात्रीचे अधिकृत ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालेले नाही, त्यामुळे जगभरच्या चाहत्यांच्या वादात कुलाब्याचे नाव कधी येत नाही. मात्र त्याच वर्षी मुंबईच्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी स्टुडिओत मुद्रित केली. ती २०१५ मध्ये ‘कोडा’ या संचाच्या विस्तारित आवृत्तीत बाहेर आली. ‘फ्रेंड्स’ तेवढे जरूर ऐकावे. ‘फोर स्टिक्स’मध्ये लय सांभाळताना सगळ्यांचीच तारांबळ झालेली ऐकू येते.

प्रश्न : द हू यांचे ‘लाइव्ह ॲट लीड्स’ ही रॉकमधील सर्वश्रेष्ठ लाइव्ह तबकडी, असे मी मानतो. माझा मित्र म्हणतो की दुसऱ्याच दिवशीचे हल शहरातील वादन त्याहून सरस आहे आणि मी केवळ नावाला भुललो आहे. — एक वाचक, बेळगाव

उत्तर : हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण नाशिकच्या वाचकांना सांगितलेली शंका येथे फार स्वच्छ दिसते.

१९६९ च्या अमेरिकन दौऱ्यात बँडने अनेक कार्यक्रम मुद्रित केले होते. इतक्या टेपा ऐकून निवड करण्याचा बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांना कंटाळा आला आणि त्यांनी त्या जाळून टाकायला सांगितल्या, असे त्यांनीच नंतर सांगितले आहे. मग त्यांनी दोनच रात्री ठरवल्या : १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाचे भोजनगृह आणि १५ फेब्रुवारीला हलचा सिटी हॉल. हलची टेप तपासली तेव्हा सुरुवातीच्या काही गाण्यांत जॉन एंटविसल यांचा बेस मुद्रितच झालेला नव्हता. तेवढ्यावर प्रश्न मिटला आणि तबकडीला लीड्सचे नाव मिळाले. म्हणजे जिला आपण सर्वश्रेष्ठ मानता, तिची निवड एका निकामी ट्रॅकने केली.

याचा अर्थ लीड्स कमी आहे असा नव्हे. मूळ तबकडीत सहाच गाणी होती, वेष्टन चोरट्या तबकडीसारखे साधे तपकिरी होते, आणि ध्वनिमुद्रणातील कटकट आवाज दुरुस्त करू नयेत, अशी सूचना तबकडीच्या लेबलवरच छापली होती. ‘माय जनरेशन’ मूळचे साडेतीन मिनिटांच्याही आतले. येथे ते पंधरा मिनिटांच्या घरात जाते, मध्ये ‘टॉमी’ या त्यांच्या संगीतनाट्याचे तुकडे येतात, आणि कीथ मून यांचे ड्रम्स व एंटविसल यांचा बेस यांमध्ये ताल कोण धरतो आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. ‘यंग मॅन ब्लूज’मध्ये सगळे एकदम थांबतात तेव्हा त्या भोजनगृहाच्या भिंतींवरून परत येणारा आवाज ऐकावा. मी स्वतः लीड्सच्या बाजूचा आहे. पण मी ती रात्र पंचवीस वर्षे ऐकत आलो आणि हलची त्यामानाने अलीकडे, तेव्हा माझी साक्ष फारशी विश्वसनीय धरू नये.

आपल्या मित्राला एक गोष्ट मात्र सांगावी. हलचे वादन २०१० मध्ये चाळिसाव्या वर्षाच्या संचात अखेर प्रसिद्ध झाले, तेव्हा सुरुवातीच्या गाण्यांतील हरवलेल्या बेसच्या जागी लीड्सच्या टेपेवरचा बेस आणून बसवला गेला. त्या गाण्यांत हलची तारीफ करताना तो एंटविसल यांची आदल्या रात्रीची बोटे ऐकत आहे. तेवढी गाणी सोडून पुढची ऐकावीत, दोघांनी एकत्र बसून ऐकावीत, आणि मग पुन्हा लिहावे.